दोन जागा आणि एका बाहीचा कोट

"एका अंगाला दोन टेलर? उचला तुमचं कापड!" असं म्हणून मास्तरांनी सकाळी सकाळी एक चांगलं गिऱ्हाईक दुकानाबाहेर काढलं. त्या गृहस्थाचा गुन्हा एवढाच, की घाई होती म्हणून त्याने एकाच कोटाचं माप दोन दुकानांत दिलं होतं. जो आधी शिवेल त्याचा घ्यायचा. "आणि दुसऱ्यानं काय करायचं? तो कोट स्वतः घालून हिंडायचं?" मास्तर शिलाई मशीनलाच विचारत राहिले. तत्त्वाचा माणूस!

याच तत्त्वाच्या माणसाने लेकीसाठी दोन कॉलेजांत पैसे भरून दोन जागा अडवून ठेवल्या होत्या. एक नदीकाठच्या कॉलेजात, कारण त्याचं नाव मोठं. दुसरी स्टेशनजवळच्या कॉलेजात, कारण ते घराजवळ, आणि तो बायकोचा हट्ट. लेकीला हवं होतं तिसरंच, टेकडीवरचं. इमारतींचे आराखडे काढायला शिकवतात ते तिथेच. पण तिथे ती वेटिंगवर होती. पहिला नंबर. एक जागा सुटली की काम झालं, पण ती सुटत नव्हती आणि यादी शनिवारी बंद होणार होती.

"बाबा, आपण जागा धरून बसलोय, हे बरं नाही," ती सारखी म्हणायची.

"अगं, शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवावंच लागतं. कधी उसवायची वेळ येईल, सांगता येत नाही." मास्तरांचं उत्तर ठरलेलं.

गुरुवारी समोरच्या दुकानातले चष्मेवाले कोटाच्या ट्रायलला आले. मुलाला कॉलेजात पोचवायला जाताना त्यांना रुबाबात जायचं होतं. मास्तर तोंडात टाचण्या धरून बाहीचं माप बघत होते.

"मुलाचं कॉलेज ठरलं?"

"कसलं ठरतंय! नदीकाठच्या कॉलेजात वेटिंगवर अडकलाय. पहिला नंबर! कुणीतरी महाभाग पैसे भरून बसलाय आणि कागदपत्रं द्यायला फिरकत नाही. दुसरीकडेही घेतली असणार जागा."

"निर्लज्ज असतात एकेक!" मास्तर मनापासून म्हणाले.

"तिथला क्लार्क म्हणाला, मुलीचा बाप टेलर आहे म्हणे कुणी..."

चष्मेवाले थांबले. मास्तरांच्या हातातली टाचणी त्यांच्या काखेत गेली.

"तुम्ही?"

"ते... म्हणजे... मग मुलगा काय घरीच बसलाय?" मास्तरांनी विषय बदलून पाहिला.

"छे! तोवर टेकडीवरची जागा धरून ठेवलीय ना. हाताशी असलेली बरी."

आता तोंडातल्या टाचण्या जमिनीवर पडल्या.

"म्हणजे माझ्या पोरीच्या वाटेत तुम्ही बसलाय!"

"आणि माझ्या पोराच्या वाटेत तुम्ही!"

"मग सोडा की!"

"वा! मी सोडली आणि तुम्ही नाही सोडलीत, म्हणजे? आधी तुम्ही!"

दोघांनीही आयुष्यात कधी इतकं खरं बोलून इतका हटवादीपणा केला नव्हता. कोपऱ्यात बटणं लावत बसलेली लेक उठली. "बाबा, फोन द्या." तिने दोनदा बोट दाबलं आणि फोन परत दिला. "नदीकाठची सोडली."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "अगं, आधी त्यांना तरी सोडू द्यायचीस!"

"दोघंही असंच म्हणत बसलात, तर शनिवार उजाडेल."

शुक्रवारी चष्मेवाल्यांच्या मुलाला नदीकाठची जागा मिळाली. ते हसत हसत कोट न्यायला आले. "टेकडीवरची सोडतो हो, एक-दोन दिवसांत. नदीकाठच्या पावतीवर शिक्का तेवढा पडू दे."

मास्तरांनी शांतपणे कोट पुढे केला. त्याला एकच बाही होती.

"अहो, दुसरी?"

"लावतो हो. एक-दोन दिवसांत."

"बाबा," लेक म्हणाली, "बाही लावा."

"अगं, पण तुझी जागा..."

"माझ्या जागेचं त्यांनी बघावं. कोटाचा शब्द तुम्ही दिलाय."

मास्तरांनी दात-ओठ खात बाही लावली. कसबी हात, रागातही शिवण सरळच आली. चष्मेवाल्यांनी कोट घातला. खांद्यावर असा बसला, की नाव ठेवायला जागा नाही. ते आरशासमोर उभे राहिले. रोज पन्नास जणांना "आता स्पष्ट दिसतंय ना?" असं विचारणाऱ्या माणसाला आज स्वतःकडेच बघवेना. मान खाली घालून त्यांनी खिशातून फोन काढला. "सोडतो बाई, आत्ताच सोडतो. नाहीतर हा कोट माझ्या अंगाला लागायचा नाही."

शनिवारी अकरा वाजता टेकडीवरून फोन आला. लेकीने "हो, हो, येते!" म्हणून तो ठेवला आणि मास्तरांनी रस्त्यापलीकडे अशी आरोळी ठोकली, की चष्मेवाले गिऱ्हाईकाच्या नाकावर नुसती फ्रेम ठेवून धावत आले. आई डबा घेऊन आली होती, तिचे डोळे भरून आले. आनंदाने मास्तरांच्या अंगात औदार्य संचारलं.

"आण तो फोन! आता ती स्टेशनजवळचीही सोडून टाकू. एका अंगाला एकच कोट!"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ती आम्ही सोमवारीच सोडली," आई म्हणाली. "फॉर्म भरताना रांगेत हिच्यापुढं एक मुलगी होती. ती तिथेच वेटिंगवर होती, दुसरं कुठलंच कॉलेज तिला नव्हतं. माझ्याच्यानं राहवलं नाही."

मास्तरांनी बोटांवर वार मोजले. "म्हणजे गुरुवारी नदीकाठची सोडलीस, तेव्हा तुझ्या हातात काहीच नव्हतं?"

"होतं की, बाबा. पहिला नंबर होता."

मास्तर गळ्यातली टेप काढून लेकीच्या खांद्याचं माप घेऊ लागले.

"हे काय?"

"कोट शिवतोय. टेकडीवर जाताना घालायला."

"आणि शिवणीत दोन बोटं कापड?" ती हसून म्हणाली.

"ते ठेवणारच," मास्तर म्हणाले. "तू अजून मोठी होणार आहेस."