धुक्यातून चाललेला पिंजरा

मंडळी, हाताने जोडायची कुठलीही वस्तू माझ्यापुढे आणून टाका! कपाट, पलंग, बागेतला झोपाळा, काहीही. सोबत आलेला कागद मी उघडतसुद्धा नाही. शिवाय मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. शिडीवरून पडलेले, स्वतःच्याच गाडीखाली आलेले, गवत कापायच्या यंत्राने स्वतःचा बूट कापून घेतलेले, असे सगळे शूरवीर माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे माणूस नेमका कुठे माती खातो, हे मला तोंडपाठ आहे!

तर गेल्या नोव्हेंबरात मी अंगणात मांजरांसाठी पिंजरा उभारायचं ठरवलं.

मांजरं माझी नव्हेत, सासूबाईंची. माझे सासरे होल्गर वसंतात गेले आणि आस्ताबाई आमच्याकडे राहायला आल्या. येताना दोन मांजरं घेऊन आल्या. एक कप्तान, फाटक्या कानाचा बोका. दुसरी मिस्से, राखी रंगाची, कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा चेहरा. जुनं घर तसं जवळच होतं. आमच्या घरापुढून मोठा रस्ता जातो, त्याच्या पलीकडे वाळूच्या टेकडीला टेकून. ते एका जर्मन जोडप्याने घेतलं. ते उन्हाळ्यात येतात, बाकी वर्षभर खिडक्यांना फळ्या.

आणि रोज दुपारी कॉफीच्या सुमाराला ही दोन्ही मांजरं एकदम ताठ व्हायची. चारही कान एका दिशेला! मग फट मिळेल तिथून बाहेर, रस्ता ओलांडून थेट त्या बंद घराकडे. मिस्से तर एकदा मासळीच्या ट्रकखाली येता येता वाचली.

"होल्गर बोलावतो त्यांना," सासूबाई शांतपणे म्हणायच्या. "शिट्टी मारतो. माशाची कातडी द्यायची वेळ झाली ना!"

होल्गर खरंच तशी शिट्टी मारायचे. दोन लांब सूर वर, एक खाली. पण मंडळी, त्यांच्या शवपेटीला मी स्वतः खांदा दिला होता!

"आई ऐकत बसते रे," माझी बायको व्हिबेके मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "काल म्हणाली, बाबा खोकले. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"डॉक्टर नंतर," मी म्हणालो. "आधी मांजरं आत डांबू. मांजरं धावायची थांबली की आईंच्या डोक्यातलंही थांबेल."

आम्ही तिघं दुकानात गेलो. व्हिबेकेला खिडकीला बसवायचा छोटा पिंजरा आवडला. सासूबाईंना एकही आवडला नाही. मला मात्र कोपऱ्यातला उंच पिंजरा दिसला. लाकडी चौकटी, बारीक मजबूत जाळी, वर जाळीचंच छप्पर, आणि माणूस आत ताठ उभा राहील एवढी उंची!

"मांजरांसाठी आहे की अस्वलांसाठी?" सासूबाईंनी विचारलं.

"आत जाऊन साफ करता यायला हवं ना!"

"एब्बे," व्हिबेके म्हणाली, "याची कडी आतून उघडते का? नीट बघ."

"मांजरं कडी उघडत नसतात गं," मी म्हणालो. दुकानदार हसला. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसला.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. व्हिबेके औषधांच्या दुकानात कामाला गेली. सासूबाई होल्गरचा जुना राखाडी स्वेटर घालून खिडकीशी बसल्या. मी अंगणात चौकटी मांडल्या आणि कामाला भिडलो. काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तसं काम झालं! चार भिंती उभ्या, छप्पर बसलं, दार लागलं. जमिनीत खुंट्या ठोकायच्या तेवढ्या राहिल्या. त्या जेवण झाल्यावर ठोकू म्हटलं. मग छपराचे दोन स्क्रू आतून पिळायला मी पिंजऱ्यात शिरलो.

तेवढ्यात कप्तान आला. दाराला पाठ घासली. दार लागलं. बाहेरची कडी खट्‌कन खाली पडली.

मी दार ढकललं. मग ओढलं. मग पुन्हा ढकललं, जरा समजावल्यासारखं. जाळीतून करंगळीसुद्धा जाईना! पेचकस बाहेर स्टुलावरच विसरलेला. फोन स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दोन्ही मांजरं बाहेर गवतात शेजारी शेजारी बसून, प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

"सासूबाई!" मी ओरडलो. खिडकी बंद होती. ऐकू जाईना.

आणि समुद्राकडून धुकं आलं.

आमच्याकडचं धुकं काही हळूहळू उतरत नाही. ते चालत येतं. आधी टेकडी गेली, मग रस्ता गेला, मग आमचं टपाल-खोकं गेलं. दुपार होती, पण उजेड शिळ्या दुधासारखा झाला. गाड्यांचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा. मग तोही नाही. जाळीच्या प्रत्येक तारेला थेंब लटकला. माझाच श्वास मला ऐकू येऊ लागला.

मांजरांचे कान वळले. चारही एकदम.

आणि धुक्यातून शिट्टी आली.

दोन लांब सूर वर. एक खाली.

मी स्वतःला सांगितलं, एब्बे, कुणीतरी कुत्र्याला बोलावतोय. तोच खोकला आला. मंडळी, तो खोकला मी तीस वर्षं जेवणाच्या टेबलापलीकडून ऐकला होता! थंडीत जुनं इंजिन सुरू करावं तसा. दोनदा घुर्र, मग एक मोठा ठसका, मग समाधानाने घसा साफ केल्याचा आवाज. नेमका तोच. पाठोपाठ त्यांच्या फाटकाची कर्रर्र. आमच्या लग्नाच्या वेळी ते फाटक वाजत होतं आणि होल्गरनी त्याला शेवटपर्यंत तेल घातलं नाही.

पळावंसं वाटलं. पण पळणार कुठे? पिंजऱ्यात!

घराचं दार उघडलं. सासूबाई सपाता घालून बाहेर आल्या. चेहरा असा, जणू खूप दिवसांनी कुणाचं पत्र आलंय. माझ्याकडे बघून थबकल्या.

"तू आत काय करतोयस?"

"सासूबाई, कडी! कडी काढा आधी!"

"आल्यावर काढते," त्या म्हणाल्या. "होल्गर थांबलाय."

"होल्गर नाहीत हो! सासूबाई, रस्ता आहे पुढे! काही दिसत नाहीये!"

"तुलाही ऐकू आलं ना?"

मी काय सांगणार! मी नुसती जाळी धरून हलवली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान डोलावली आणि चालायला लागल्या. पुढे कप्तान, मागे मिस्से, मधे राखाडी स्वेटर. चार पावलांत धुक्याने तिघांनाही गिळलं.

मी जाळीवर लाथा मारल्या. जाळी खरंच मजबूत होती, त्याबद्दल दुकानदाराला मानलं पाहिजे. मग लक्षात आलं, खुंट्या ठोकलेल्याच नाहीत! मी दोन बाजूंचे आडवे लाकडी दांडे धरले, दात आवळले, आणि पिंजरा उचलला.

उचलला गेला!

मग मी चाललो. मीच पालखी, मीच भोई, आणि आतला देवही मीच! दर पावलाला खालची चौकट नडग्यांवर आपटत होती. छपरावरचे थेंब मानेत गळत होते. थोडं चालायचं, टेकवायचं, पुन्हा उचलायचं. आमच्याकडे कुंपण नाही, नुसतं वाळूतलं गवत, म्हणून निभावलं. "सासूबाई! आस्ता! थांबा!" मी ओरडत होतो. उत्तर एकच येत होतं. शिट्टी. खोकला. कर्रर्र.

पायाखाली डांबर लागलं. मी रस्त्याच्या मधोमध आलो आणि डावीकडचं धुकं पिवळं झालं.

ब्रेकचा असा काही कर्कश आवाज झाला, की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा पिवळ्या बसचे दोन दिवे माझ्या पिंजऱ्यासमोर हातभर अंतरावर होते. दार उघडलं आणि चालक बोडिल पायरीवर आली. बोडिल आमच्याच गावची. तिचा चेहरा पांढराफटक.

"एब्बे?"

"हो!"

"जिवंत आहेस?"

"बहुतेक!"

"मग पिंजऱ्यात का चाललायस?"

मी बोट दाखवलं. म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला, जाळीवर आपटलं. दिव्यांच्या उजेडात, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, राखाडी स्वेटर घातलेली एक लहानशी पाठ नुकतीच वाळूवर चढत होती. बोडिलने तिकडे पाहिलं, मग बसच्या चाकांकडे, मग पुन्हा तिकडे.

"मला ती दिसलीच नव्हती," ती म्हणाली. "एब्बे, मी तुझ्यासाठी ब्रेक मारला. एवढं मोठं खोकं दिसलं म्हणून. ती मला दिसलीच नव्हती रे."

तिने एका बोटाने कडी उचलली. एका बोटाने! बसमधले उतारू काचेला नाकं लावून बघत होते. आम्ही पिंजरा रस्त्याच्या कडेला लोटला आणि जुन्या घराकडे धावलो.

सासूबाई दाराच्या पायरीपाशी उभ्या होत्या. खिडक्यांना फळ्या, चिमणीला धूर नाही. फाटक बंद. आणि आमच्या डोळ्यांसमोर, ते जराही न हलता, कर्रर्र वाजलं.

बोडिलने माझी बाही पकडली. मी तिची पकडली.

खोकला आला. अगदी जवळून. वरून. दोनदा घुर्र, एक ठसका. मांजरं मान उंचावून छपराकडे बघत होती. सासूबाईही तिकडेच बघत होत्या. मला सांगायला लाज वाटते, पण मी पुटपुटलो, "होल्गर, त्या वेळी तुमची बोट मीच खडकावर घातली हो, वारा वगैरे काही नव्हता." काय करणार, भीतीने तोंडाला येईल ते बाहेर पडत होतं! बोडिलने ते ऐकलं, हे मला नंतर महागात पडलं.

धुकं जरासं विरलं. चिमणीच्या काठावर एक पक्षी बसला होता. ठिपक्याठिपक्यांची काळी भोरडी, मैनेची चुलत बहीण. आमच्या पाणथळीवर शरदात ज्यांचे ढगच्या ढग उठतात, त्यांतलीच एक. तिने गळ्याची पिसं फुलवली, चोच वर केली, आणि दोन लांब सूर वर, एक खाली, अशी शिट्टी मारली. मग खोकली. मग स्वतःशीच फाटक वाजवलं.

बोडिलने माझी बाही सोडली.

"कौलांखाली घरटं होतं या भोरड्यांचं," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "होल्गर कधी काढू द्यायचा नाही."

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे मला खरंच ऐकू येत होतं."

"हो, सासूबाई."

"मी वेडी नाही."

"नाही. आम्हीच..."

त्यांनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं आणि एकदम त्या पक्ष्यावर कडाडल्या, "अगं, शिट्टी शिकलीस ते ठीक! पण तो खोकला कशाला उचललास? त्याच्यावरून आम्ही जन्मभर भांडलो!" आणि मग हसायला लागल्या. हसता हसता पायरीवर बसल्या. मी आणि बोडिल शेजारी बसलो. मिस्से, जी कुणाच्याच मांडीवर बसत नाही, तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिरस्काराने बोडिलच्या मांडीवर जाऊन बसली.

"पुन्हा एकदा कर गं," सासूबाई वर बघून हळूच म्हणाल्या.

तिने केलं. रस्त्यावर बस दिवे लावून ताटकळत उभी होती. एकाही उतारूने भोंगा वाजवला नाही.

इकडे व्हिबेके घरी आली तर नवरा नाही, आई नाही, मांजरं नाहीत, पिंजराही नाही! अंगणात फक्त एक स्टूल, त्यावर पेचकस. आम्ही परतलो तेव्हा ती पोलिसांना फोनवर सांगत होती, "नाही हो, जाळीचा. उंच. त्याच्यासकट गेलेत सगळे." आईला बघून तिने फोन टाकला. सासूबाईंनी सगळं सांगितलं. व्हिबेकेने ऐकलं, आईच्या सपातांमधली वाळू झटकली, मग डॉक्टरांना कळवलं, की वेळ रद्द करा. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "कडी."

पिंजरा परत आणला. या वेळी खुंट्या ठोकल्या, आणि आतून उघडणारी कडी व्हिबेकेने बसवली. सासूबाई छपरावर सफरचंदाचे काप ठेवू लागल्या. काही दिवसांनी भोरडी रस्ता ओलांडून आमच्याकडे यायला लागली. तेव्हापासून दुपारी सासूबाई पिंजऱ्यात खुर्ची टाकून बसतात. घोंगडी, कॉफी, दोन्ही मांजरं. वर भोरडी खोकते, खाली सासूबाई तिला रागावतात. मांजरं जाळीतून वर बघत लाळ गाळतात. सगळे सुरक्षित, सगळे खूश!

फक्त आमच्या घरावरून ती पिवळी बस जाते आणि बसला खिडक्या असतात, हे मी विचारात घेतलं नव्हतं. बातमी गावभर झाली. आधी पिंजऱ्यात मी होतो, आता मी म्हाताऱ्या सासूला कोंडून ठेवतो! परवा नगरपालिकेकडून वृद्धांची चौकशी करणाऱ्या एक बाई आल्या. गंभीर चेहरा, गळ्यात ओळखपत्र. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण मला हाताने गप्प करून त्या थेट पिंजऱ्यापाशी गेल्या, वाकल्या आणि अतिशय हळुवारपणे म्हणाल्या,

"आस्ताबाई, घाबरू नका. मी तुम्हाला इथून बाहेर काढायला आले आहे."

सासूबाईंनी कॉफीचा घोट घेतला.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "मी आत आहे तेच बरंय. बाहेर हा मोकळा असतो!"