ढब्बूच्या जागेसाठी मुलाखती

माणसं निवडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. बाळंतपणाच्या रजेवर येईपर्यंत मी एका पंख्यांच्या कारखान्यात भरतीचं काम बघायचे. सहा वर्षांत दीडशे माणसं नेमली आणि त्यातला एकच पळून गेला, तोही लग्न करायला. त्यामुळे घरासाठी कुत्रा निवडायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांना बजावलं, "तुम्ही कुणी मध्ये पडू नका. हे माझ्यावर सोडा."

आमच्याकडे आधी ढब्बू होता. तेरा वर्षं होता. एक कान उभा, एक पडलेला, आणि शेपूट अशी, की घाईत दुसऱ्याच कुणाची तरी उचलून आणली असावी. हा कुठल्या जातीचा, असं कुणी विचारलं की आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "आमच्यातलाच आहे." आप्पांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे फिरायला जायच्या वेळा ठरलेल्या. सकाळी साडेसहा, संध्याकाळी सहा. कोण कुणाला फिरवतंय हे मात्र लांबून कळायचं नाही.

कुत्रा निवडायची वेळ यायच्या दोन महिने आधी ढब्बू झोपेतच गेला, आणि त्या दिवसापासून आप्पांचं फिरणंही गेलं. आम्हाला वाटलं, चार दिवस जातील, मग निघतील. चाराचे साठ झाले. सकाळी साडेसहाला त्यांना जाग यायची, ते उठून खुर्चीत बसायचे, आणि बसूनच राहायचे. डॉक्टरांनी पाय तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे असंच चाललं तर गुडघे आखडतील. मग त्यांनी ठरवलं तरी चालता येणार नाही. काही करा, पण त्यांना घराबाहेर काढा."

नवऱ्याने लगेच प्रयत्न केला. "आप्पा, चला, मी येतो बरोबर."

"तू कशाला?" आप्पा म्हणाले. "तुला कुठल्या खांबाचा वास घ्यायचाय?"

तेव्हा कुत्रा आणायचाच, हे ठरलं. प्रश्न होता तो जातीचा. मी कारखान्याच्या पद्धतीने एक तक्ता केला. डावीकडे अपेक्षित गुण, वर घरातल्या माणसांची नावं. नवऱ्याने लिहिलं, केस गळू नयेत, भुंकू नये, जास्त खाऊ नये. त्याला कुत्रा हवाय की कुंडी, हे मला कळेना. आमची चिमणी सहा वर्षांची. तिने लिहिलं, "खूप मोठा पाहिजे पण माझ्या मांडीत मावला पाहिजे." बाळ आठ महिन्यांचं, त्याने तक्त्याचा कोपरा चावून मत नोंदवलं. आप्पांपुढे कागद ठेवला तर त्यांनी चष्मा लावला, सगळा तक्ता नीट वाचला, आणि स्वतःच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला. "नको."

मी तो रकाना धरलाच नाही. नाराज उमेदवार आणि नाराज सासरे, दोघेही पुढे रुळतात असा माझा अनुभव.

ढब्बूला तपासणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी मला तीन फोन नंबर दिले. तिन्ही मालकांना काही ना काही अडचणीमुळे कुत्र्यासाठी दुसरं घर हवं होतं. एक लॅब्रेडॉर, एक बीगल, एक आखूड पायांचा लांबलचक डॅक्सहुंड. मी तिघांना निरोप धाडला, 'रविवारी सकाळी ठीक दहा वाजता उपस्थित राहावे.'

"तिघांना एकाच वेळी?" नवऱ्याने विचारलं.

"भरतीला सगळ्यांना एकदमच बोलावतात. बाहेर बसवायचं, एकेकाला आत घ्यायचं. त्यात शिस्त दिसते."

"बाहेर कुत्री बसतील?"

"त्यांचे मालक बसतील ना."

त्याने पेपर उघडला. लग्नाला आठ वर्षं झाली की माणसाला गप्प बसायचं कुठे हे कळतं, आणि नेमकं तिथेच ते कळायला नको असतं.

रविवारी मी दाराबाहेर तीन खुर्च्या मांडल्या. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या अगदी शेजारी. सर्वांत आधी आल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, काठी टेकत, जिन्याने, धापा टाकत. त्यांच्याबरोबर पैलवान नावाचा लॅब्रेडॉर, छोट्या सोफ्याएवढा. मग परदेशी निघालेलं एक तरुण जोडपं बीगल घेऊन आलं. मग दातांचे डॉक्टर आले, आणि त्यांच्या मागून बराच वेळ त्यांचा डॅक्सहुंड येत राहिला.

मी पहिल्या उमेदवाराला आत घेतलं. "कशाला घाबरतो का?" मी बाईंना विचारलं. हा प्रश्न मी तक्त्यात मुद्दाम घातला होता.

"छे हो. कशालाच नाही."

मी दहापैकी दहा गुण लिहीतच होते, तेवढ्यात बाहेरच्या दोन उमेदवारांचं एकमेकांशी बिनसलं. बीगल सुटून आत आला आणि नाक जमिनीला लावून थेट बाळाच्या उंच खुर्चीपाशी गेला. बाळापुढे कुस्करलेलं केळं होतं. गेले चार दिवस ज्याने माझ्या हातून एक घास घेतला नव्हता, त्या माझ्या लेकराने चमचा उचलला आणि एक घास बीगलला, एक घास स्वतःला, असं शिस्तीत सुरू केलं. मी ओरडावं की आनंदाने रडावं, या विचारात पडले. तोवर डॅक्सहुंड सोफ्याखाली शिरला आणि तिथून जगाला शिव्या देऊ लागला. दातांचे डॉक्टर पोटावर झोपून त्याला म्हणत होते, "आ कर बघू, आ कर," म्हणजे बहुधा सवयीनेच. नवऱ्याने एका हातात पैलवानाचा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने बीगलचा पकडला, आणि दोघं त्याच्याभोवती उलटसुलट फिरले. भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तसा तो गुंडाळला गेला, आणि भोवऱ्यासारखाच आडवा झाला. चिमणी स्टुलावर उभी राहून तक्त्यात सगळ्यांना शंभर शंभर गुण देत होती.

या गोंधळात पैलवान सुटला आणि उघड्या दारातून बाहेर गेला.

"पकडा त्याला!" बाई ओरडल्या, पण त्यांना उठताच येईना.

मी धावले. पैलवान पळून गेला नव्हता. शेजारचं लिफ्टचं दार त्याच क्षणी उघडलं होतं, आणि तो सोफ्याएवढा प्राणी व्हरांड्यात जमिनीला चिकटून पडला होता. कान मागे, डोळे घट्ट मिटलेले, सगळं अंग थरथरत होतं. मी पट्टा ओढला. काहीच हललं नाही. नवरा लंगडत आला, त्याने ओढला. मग दोघांनी मिळून ओढला.

"ओढू नका रे त्याला."

मागे आप्पा उभे होते. आवाजाने खोलीतून बाहेर आले असावेत. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात माझी. ते भिंतीला हात लावत हळूहळू खाली बसले, चक्क व्हरांड्याच्या फरशीवर, आणि त्यांनी त्या कुत्र्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. लिफ्टचं दार मिटलं, लिफ्ट वर गेली, परत खाली गेली. दर आवाजाला पैलवान थरथरायचा, आणि आप्पांचा हात तिथेच असायचा.

"आमचा मिक्सरला घाबरायचा," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "एवढा दांडगा होता, पण मिक्सर लागला की माझ्या पायात. तेरा वर्षं मी मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगायचो."

दोन महिन्यांत ते ढब्बूबद्दल पहिल्यांदा बोलले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. बाळाला आतून उचलून आणायचं निमित्त केलं आणि तोंड त्याच्या मानेत लपवलं. सगळीकडे केळं लागलं.

तेवढ्यात बाई काठी टेकत बाहेर आल्या. "खोटं बोलले मी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "लिफ्टला घाबरतो तो. लहानपणापासून. आमचं घर पलीकडच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या गुडघ्यांना आता दिवसातून दोनदा जिने झेपत नाहीत, म्हणून द्यायचाय. नाहीतर कोण देतं हो?"

आप्पा उठले. उठायला वेळ लागला, पण कुणाचा हात घेतला नाही. "याला खाली नेऊन आणतो," म्हणाले, आणि पैलवानाला घेऊन जिन्याने निघाले. मी नवऱ्याच्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला, की तो खिडकीकडे धावला. आम्ही सगळे धावलो. खाली रस्त्यावर आप्पा दोन वेगवेगळ्या चपला घालून चालले होते. पहिल्या खांबापाशी पैलवान थांबला. आप्पाही थांबले, हात पाठीमागे बांधून, कसली म्हणून घाई नसल्यासारखे.

ते परतेपर्यंत पाऊण तास गेला. दातांचे डॉक्टर डॅक्सहुंडाला परत घेऊन गेले. त्यांचं म्हणणं, त्याचा स्वभाव एकत्र कुटुंबाचा नाही. जोडप्यातला नवरा बीगलच्या तोंडावरचं केळं पुसत म्हणाला, "आम्ही तुम्हाला कळवू." हे वाक्य मी आजवर शेकडो लोकांना म्हटलंय. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको.

आप्पा वर आले, घामाघूम. मी तक्ता पुढे केला. "मग आप्पा, लॅब्रेडॉर नक्की करूया ना?"

"नाही," आप्पा म्हणाले. "घरात नको. त्याच्या जागेवर मला इतक्यात कुणी नकोय, सूनबाई." मग बाईंकडे वळून जरा चाचरत म्हणाले, "पण हा तुमच्याकडेच राहिला आणि मी येऊन त्याला फिरवला, तर चालेल का तुम्हाला?"

बाई सावरून बसल्या. मग चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती वाजता याल?"

"साडेसहा. आणि संध्याकाळी सहा."

"पावसात?"

"छत्री आहे."

"चोरून बिस्किटं घालणार?"

आप्पांनी पैलवानाकडे बघितलं. "घालणार," म्हणाले.

"खरं बोलता, हे बरं आहे," बाई म्हणाल्या. "उद्यापासून या."

तीन मिनिटांत नेमणूक. माझ्या सहा वर्षांत एवढी नेमकी मुलाखत मी घेतलेली नाही. घरातून एकच उमेदवार निवडला गेला, आणि तक्त्यातला त्याचा रकाना मीच रद्द केला होता.

याला आता पाच आठवडे झाले. आप्पा दिवसातून दोनदा तिसरा मजला चढतात, पैलवानाला घेऊन जिन्याने उतरतात, परत चढवतात. डॉक्टरांनी पाय बघितले आणि विचारलं, कुठलं औषध चालू आहे. काल संध्याकाळी आप्पा चपला घालत होते, तेव्हा चिमणीने त्यांना दारात अडवलं.

"आप्पा, पण मग आपल्या घरी कुत्रा कधी आणायचा?"

"बघू," आप्पा घड्याळाकडे बघत म्हणाले. "मला सुट्टी मिळाली की बोलू."