दंतवैद्य पास्कचे एकोणीस टक्के

व्हर्लिन टेगलँडच्या मते निसर्गाने नैर्ऋत्य आयोवाला दोनच गोष्टी हात सैल सोडून दिल्या होत्या: काळी माती आणि व्हर्लिन टेगलँडचा मेंदू. मातीची दखल सरकारने केव्हाच घेतली होती. मेंदूची घ्यायची राहिली होती, म्हणून तो स्वतःच लोकांना त्याची आठवण करून द्यायचा. निवृत्त होईपर्यंत सत्तावीस वर्षं त्याने गारपिटीच्या विम्याची पाहणी केली होती, आणि मक्याचं एक फाटकं पान पाहून गार कुठून आली ते तो छातीठोक सांगायचा. गार वरूनच येते, असं मार्डेलने एकदा सुचवून पाहिलं होतं. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

निवृत्तीनंतर त्याने खासगी गुप्तहेराचा धंदा काढला होता, आणि मार्डेल ही त्याची सहायक. तिसरीत ती त्याच्या मागच्या बाकावर बसायची. पुढे एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. आता व्हर्लिनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे त्याचे तपास चालवायची, म्हणजे गाडी चालवायची. पहिल्याच दिवशी त्याने तिला नियम घालून दिला होता: सहायकाने बघायचं, लक्षात ठेवायचं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तो नियम ती पाळत होती. विचारायची वेळ मात्र व्हर्लिनवर अजून आली नव्हती.

केल्सी फॉल्समधल्या जोलीनच्या खाणावळीतलं शेवटचं टेबल हे त्यांचं कार्यालय. डिसेंबरचा दुसरा मंगळवार होता. राज्याच्या कॉकसला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या गावोगावच्या सभांना, सहा आठवडे उरले होते. देशाचं अध्यक्ष व्हायला निघालेली एकाच पक्षाची तेवीस माणसं त्या हिवाळ्यात आयोवाभर मोकाट फिरत होती. डुकरांच्या गोठ्यात गेलं तरी तिथे कुणीतरी आधीच येऊन डुकरांशी बोलून गेलेला असायचा. जोलीनच्या स्वयंपाकघरात शिरून तव्यासमोर फोटो काढून घेणारे इतके झाले, की तिने दारावर पाटी लावली: उमेदवारांनी आत येऊ नये, धिरडी आमची आम्हाला उलटता येतात.

तपकिरी ओव्हरकोटातला एक माणूस टेबलाशी येऊन उभा राहिला. व्हर्लिनने त्याला हातानेच बोलू नका असं खुणावलं आणि डोळे बारीक केले. तुम्ही दक्षिणेकडून आलात, तो म्हणाला, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकता, आणि बायको माहेरी निघून गेली आहे.

"मी गिफर्ड पास्क," तो माणूस म्हणाला. "मी अध्यक्षपदासाठी उभा आहे."

"मी त्याच दिशेने येत होतो," व्हर्लिन म्हणाला. "बसा."

पास्क ईशान्येकडच्या एका लहान गावातला दंतवैद्य होता आणि एकदा तिथला महापौरही झाला होता. म्हाताऱ्या माणसांच्या दातांचा खर्च सरकारने उचलावा, एवढ्या एका मागणीसाठी तो उभा राहिला होता. आठ महिने झाले होते. राज्यातल्या प्रत्येक जनमत चाचणीत त्याच्या नावापुढे आकड्याऐवजी फुली असायची, म्हणजे मोजण्याइतकीसुद्धा माणसं मिळाली नाहीत. शेवटी त्याने माघारीचं पत्रक लिहून खिशात ठेवलं. सोमवारी ते वाचून दाखवायचं, असं बायकोशी, कोरिनशी, ठरलंही होतं. आणि रविवारी इथल्या चार जिल्ह्यांची चाचणी छापून आली. गिफर्ड पास्क: एकोणीस टक्के. दुसरा क्रमांक.

टीव्हीवाल्यांनी त्याला छुपा रुस्तम ठरवलं. वादविवादाचं बोलावणं आलं. दोन वर्षं फोन न उचलणारे लोक त्याला गिफ म्हणायला लागले.

पास्कचं म्हणणं एवढंच होतं, की या चार जिल्ह्यांत तो आयुष्यात एकदाच आला होता, चाळीस मिनिटांसाठी, तेही गाडीचं चाक पंक्चर झाल्यामुळे. दवाखान्यातला भागीदार शनिवारपर्यंतच थांबणार होता. परत येत असशील तर ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो, असं त्याने सांगितलं होतं. तीस वर्षांचा दवाखाना होता.

"लोकांना खरंच मी हवा असेन तर मी ओसरी-ओसरी फिरेन," पास्क म्हणाला. "पण ते कोण आहेत ते मला बघायचंय. एकसुद्धा भेटलेला नाही."

मार्डेलने तोंड उघडलं. व्हर्लिनने बोट वर केलं. तिने तोंड मिटून कॉफी घेतली.

व्हर्लिनचा पहिला सिद्धांत दहा मिनिटांत तयार झाला: तोतया. कुणीतरी पास्क बनून जिल्ह्यात हिंडत होता आणि खऱ्या पास्कपेक्षा बरा प्रचार करत होता. पास्कने हळूच विचारलं, की बरा प्रचार करता येणारा माणूस स्वतःच्या नावाने का नाही उभा राहणार? व्हर्लिनने त्याला मोटेलवर जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तोतया सापडला. खिळे-हातोड्यांच्या दुकानातून एक माणूस बाहेर पडला, कॉलर वर, टोपी कानांपर्यंत. दुकानदाराकडे चौकशी केली तर कळलं, की तो माणूस पास्कबद्दलच विचारत होता. व्हर्लिन आणि मार्डेल त्याच्या मागे लागले. तो धान्याच्या कोठारावर गेला, तिथे पास्कबद्दल विचारलं. लुथरन चर्चच्या तळघरात बायका गोधड्या शिवत होत्या, तिथेही विचारलं. पास्कचं नाव काढताच बायका हसल्या आणि एकीने त्याला केक दिला. दोन तास बर्फातून पाठलाग झाल्यावर व्हर्लिनच्या मिशीवर बर्फाचे मणी जमले. मग तो मार्डेलला म्हणाला, हा माणूस आपल्या अशिलासारखा चालायचीसुद्धा नक्कल करतो, केवढी ही तयारी, दिसतंय ना?

"तो अशीलच आहे, व्हर्लिन," मार्डेल म्हणाली. "दुकानातून निघाला तेव्हापासून."

व्हर्लिन म्हणाला, की अशील खोटा नाही याची खात्री करणं हे कुठल्याही तपासाचं पहिलं पाऊल असतं, आणि ते आता यशस्वीपणे पडलेलं आहे.

गुरुवारी दुसरा सिद्धांत आला. पास्कवर कुणीतरी दात धरून होतं. पास्क म्हणाला, की दंतवैद्यावर दात धरणारे थोडेफार असतातच, पण ते त्याला टक्के कशाला देतील? फसवून मैदानात ठेवायला, व्हर्लिनने समजावलं. तुम्ही मतं खायची, आणि त्यात तिसऱ्याचं पोट भरायचं. पुरावाही मिळाला. गावाबाहेर हाल्व्हर्सनच्या शेतावर पास्कच्या नावाची पाटी उभी होती, चारही जिल्ह्यांतली एकमेव. व्हर्लिनने हाल्व्हर्सनला अंगणात उभं करून पाऊण तास उलटतपासणी घेतली. कोणाकडून आली, कशासाठी, पाटीमागे कोण आहे?

हाल्व्हर्सन कमी बोलणारा माणूस होता. तो पाटीपाशी गेला आणि त्याने ती बाजूला केली. मागून एक वासरू बाहेर बघायला लागलं. वाऱ्याने उडत आली होती, गोठ्याच्या भोकावर बरोबर बसली. पास्कने स्वतःच्या हाताने ती परत नीट लावून दिली, वासराला गारठा लागू नये म्हणून.

शुक्रवारी दुपारी तिघं पुन्हा शेवटच्या टेबलाशी बसले होते. त्या दिवशी जोलीनकडे घेवड्याचं तिखट कालवण आणि दालचिनीचा गोड पाव होता. खाणावळ भरलेली होती. पास्कसमोर तेच जुनं पत्रक उलगडून ठेवलेलं होतं. उद्या शनिवार. व्हर्लिन तिसरा सिद्धांत मांडत होता: चाचणी घेणाऱ्यांनी आकडे घरीच शिजवले. चाचणीवाल्यांची पद्धत आपल्याला पूर्ण ठाऊक आहे, असं तो म्हणाला. त्यांचा फोन त्याला आठवड्यातून तीनदा यायचा आणि तो प्रत्येक वेळी तासभर उत्तरं द्यायचा, कारण त्याच्या मतांमध्ये इतका रस दुसरं कुणी घेत नव्हतं.

तेवढ्यात मार्डेलच्या पिशवीतला फोन वाजला. तिने तोंडातला पाव गालात सारला आणि फोन कानाला लावला.

"पास्क," ती म्हणाली. "हो, पक्कं. अडुसष्ट. तुम्हालाही." आणि फोन ठेवून तिने चमचा उचलला.

पास्कने हातातला पाव खाली ठेवला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याने स्वतःचा एक मतदार पाहिला होता, आणि ती गेले चार दिवस त्याच्याच तपासाची गाडी चालवत होती.

"तुम्ही माझ्या बाजूच्या आहात?" त्याने विचारलं.

मार्डेलने व्हर्लिनकडे पाहिलं. आता विचारलेलं होतं, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती.

"तसं नाही हो, डॉक्टर," ती म्हणाली. "तुमचं नाव घेतलं की ते लवकर सोडतात."

मग तिने सगळं सांगितलं. नोव्हेंबरपासून दिवसाला चार-चार फोन येत होते, तेही नेमके जेवायच्या वेळी. पहिल्यांदा तिने सगळ्यात पुढे असलेल्या उमेदवाराचं नाव सांगितलं. तर फोनवरच्या चाचणीवाल्या पोरीने विचारलं, तोच का, किती पक्कं, त्याचं व्यापाराबद्दलचं मत आवडतं का, तो नसेल तर कोण, तोही नसेल तर कोण. चाळीस मिनिटं गेली आणि सूप करपलं. दुसऱ्या वेळी तिने सांगितलं, अजून ठरलं नाही. त्याला पंचावन्न मिनिटं लागली, कारण न ठरलेल्या माणसाला तर ते सोडतच नाहीत. मग तिने रोज एकेक नाव लावून बघायला सुरुवात केली. सतराव्या दिवशी पास्कचं नाव घेतलं. पोरीने पक्कं का विचारलं, वय विचारलं आणि आभार मानले. पास्क म्हणणारं कुणी भेटेल असं प्रश्न लिहिणाऱ्यांना वाटलंच नसावं, त्यामुळे पुढचे प्रश्नच त्यांनी लिहिले नव्हते. मार्डेलने ही युक्ती गोधडीवाल्या बायकांना सांगितली. तिथून ती चारही जिल्ह्यांत गेली.

जोलीन कॉफीचं भांडं घेऊन येता येता थांबली. तिच्या फोनशेजारी भिंतीवर एक चिठ्ठी डकवलेली होती. पास्क म्हणा, एवढंच तिच्यावर लिहिलेलं होतं. चिठ्ठी काढून टाकावी की कसं, या विचारात ती उभी राहिली.

व्हर्लिनने खाकरून सांगितलं, की याच कबुलीची तो चार दिवस वाट पाहत होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

पास्कने साऱ्या खाणावळीला ऐकू जाईल असं विचारलं, की इतक्या वेळा माझं नाव घेतलंत, तर हा माणूस म्हणतो तरी काय हे कुणाला बघावंसं वाटलं का? माणसं आपापल्या ताटल्यांत बघायला लागली. शेवटी खिडकीजवळचे एक आजोबा म्हणाले, काहीतरी दातांचं आहे ना? ते बोलले तेव्हा त्यांच्या तोंडात वरच्या बाजूला एकही दात नव्हता.

पास्क हसायला लागला. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकोणीस टक्के लोकांना मी कशासाठी हवा होतो ते आता कळलं, तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर बाकीच्या बावीस जणांपैकी कुणीही या लोकांच्या इतक्या जेवणाच्या वेळा वाचवलेल्या नाहीत. त्याने पत्रकाची घडी घालून ते खिशात ठेवलं, टीव्हीवाल्यांना वाचून दाखवायला. मग त्याने मार्डेलकडे वळून पाहिलं.

"तुम्ही मंगळवारपासून उजव्याच बाजूने चावताय," तो म्हणाला. "डावीकडची खालची दाढ तडकली आहे. सोमवारच्या आत दाखवा, नाहीतर गाल टरारून सुजेल."

मार्डेलने गालाला हात लावला. हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या खोलीत एक खरा गुप्तहेर बसला आहे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. व्हर्लिनलाही तसंच वाटलं, फक्त त्याला तो स्वतः आहे असं वाटलं.

पास्कने गल्ल्याशेजारी उभं राहून कोरिनला फोन केला. मी येतोय, एवढंच तो म्हणाला, आणि नंतर बराच वेळ नुसता ऐकत राहिला. आजोबांनी निघताना त्याचा हात धरून ठेवला आणि म्हणाले, तुम्ही राहिला असता तर मी खरंच आलो असतो. पास्कने त्यांचं नाव-गाव लिहून घेतलं आणि ओव्हरकोट चढवून तो बर्फात दिसेनासा झाला.

त्याच्या माघारीने जिल्ह्यात हाहाकार माजला. यादीतून नाव गेलं. पास्क म्हटलं की पोरी सांगायच्या, ते आता नाहीत, मग दुसरं कोण, आणि तो नसेल तर कोण? आठवडाभर घरोघरी रात्रीचं जेवण गार व्हायला लागलं. शेवटी शाळेच्या व्यायामशाळेत सभा बोलावली गेली. दीडशे माणसं आली. अध्यक्षस्थानी व्हर्लिन. ज्याने ज्या उमेदवाराचं नाव सांगून पाहिलं होतं त्याने उठून सांगावं, की पुढे किती प्रश्न आले आणि कशाबद्दल. अडीच तास चर्चा चालली. व्यापार, युद्ध, धान्याचे भाव, शाळा, सगळ्यावर कोण काय म्हणतो ते लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं. दोन भाऊ हमरीतुमरीवर आले. एक वार्ताहर मागे बसून डोळे पुसत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने छापलं, की लोकशाही इतक्या गांभीर्याने घेणारा जिल्हा त्याने देशात पाहिलेला नाही.

सभेने एका पश्चिमेकडच्या सिनेटरचं नाव नक्की केलं. त्याला फक्त तीन प्रश्न होते. पुढच्या चाचणीत त्याला चोवीस टक्के पडले.

पाचव्या दिवशी सिनेटर मोठ्या बसमधून केल्सी फॉल्सला उतरला. बरोबर बँड आणि साठ कार्यकर्ते. त्याने चौकात भाषण केलं, की या मातीशी आपलं नातं आहे आणि आकडे कधी खोटं बोलत नाहीत. मग गर्दीतून हात मिळवत मिळवत तो व्हर्लिनपाशी आला, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, इथले लोक मला मनातून ओळखतात, हे मला आधीपासून जाणवत होतं.

व्हर्लिन काहीतरी बोलणार होता. सिनेटर पुढच्या माणसाकडे गेला. एखाद्या प्रकरणाचं खरं उत्तर ठाऊक असण्याची व्हर्लिनच्या कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ होती, आणि विचारलंच नव्हतं कुणी.