ऊस-सापशिडीचे परीक्षक

सापशिडीतलं आपल्याइतकं कळणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा नाही, असं हिंदुरावांचं मत होतं. ते खोडून काढायला आजवर कुणी पुढे आलं नव्हतं. त्यासाठी त्या विषयात आणखी कुणाला तरी रस असायला हवा होता.

कोऱ्हाळे बुद्रुकच्या त्यांच्या घरी, लोखंडी कपाटाच्या ज्या खणात लोक सातबारे ठेवतात, तिथे अकरा सापशिड्या होत्या. जत्रेत घेतलेली पत्र्याची होती, खताच्या दुकानदाराने फुकट वाटलेली होती, आणि एक तर कापडावर छापलेली होती. तिच्यातले साप धुऊन धुऊन गांडुळांइतके फिके झाले होते. "लुडोत माणूस भांडतो, बुद्धिबळात गप बसतो," ते सांगत. "माणूस कळतो त्यो सापशिडीत. वर चढल्यावर कसा हसतोय आन खाली आल्यावर काय बोलतोय, तेवढं बघायचं."

त्यामुळे बावड्याहून लेकीचा, स्वरूपाचा फोन आला, तेव्हा तो यायचाच होता अशा थाटात त्यांनी घेतला.

स्वरूपाच्या बचत गटाने संक्रांतीच्या वाणासाठी नवी सापशिडी तयार केली होती, ऊस-सापशिडी. दरवर्षी त्याच स्टीलच्या वाट्या इकडून तिकडे फिरतात, त्यापेक्षा हे बरं. कल्पना तिची, चित्रं तिची. तिचे सासरे मानसिंगराव दूध संस्थेचे चेअरमन. संस्थेच्या तीनशे सभासदांना यंदा हीच भेट द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण एका अटीवर. आधी जाणत्या माणसाने खेळून पास करायला हवी.

"मी म्हणाले, माझे आबा आहेत," स्वरूपा म्हणाली. "उद्या पाचच्या आत इंदापूरच्या प्रेसला सांगायचंय. परवापासून त्यांच्याकडं लग्नपत्रिका लागतायत, मग मशीन मोकळं नाही."

हिंदुरावांनी फोन ठेवला आणि नवी वही काढली. पहिल्या पानावर 'निकष' असं लिहून खाली रेघ ओढली. एक, सापाचं तोंड नेमकं कुठल्या घरात आहे यावर भांडण होऊ नये. दोन, नव्वदच्या पुढे पोटात गोळा यावा. तीन, डाव अर्ध्या तासात संपावा, नाहीतर कुणीतरी चहा टाकायला उठतं आणि सोंगट्या जागा सोडतात.

सकाळी निघताना द्वारकाबाईंनी त्यांच्या पिशवीत लेकीसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घातला आणि म्हणाल्या, "एक ध्यानात ठेवा. तितं जिकू नका."

"म्हंजे?"

"व्याह्याच्या सोप्यात बसून व्याह्याला हरवायचं का? चेअरमन हाय त्यो माणूस. हरला तर आपल्या पोरीला वर्षभर जेवताना ऐकावं लागंल."

"अगं, फाशाचं दान ते. जिकणं-हरणं आपल्या हातात असतंय व्हय?"

"तुमच्या हातात असतंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी रोज बघत न्हाई का?"

बारामतीहून इंदापूर आणि इंदापूरहून बावडा एवढ्या प्रवासात, उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रांगत असताना, हिंदुरावांनी याचा सखोल विचार केला. परीक्षकाने निःपक्षपाती असावं. मुलीच्या बापाने हरावं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमू शकतात, फक्त मोजणी जरा ढिली ठेवली पाहिजे.

मानसिंगरावांच्या सोप्यात सतरंजीवर पट मांडला होता आणि तो पाहताच हिंदुराव विषयच विसरले. पहिलं घर उसाच्या लागणीचं, शंभरावं, ऊस गाळपाला पडतो त्या कारखान्याच्या गव्हाणीचं. शिड्या म्हणजे पेरं असलेले दोन ऊस आणि मधे पाचटाच्या पायऱ्या. चौतिसाला, उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा पांढरा गुबगुबीत साप. बासष्टला 'डीपी जळाला', त्याच्या तोंडातून विजेच्या ठिणग्या. आणि सत्त्याण्णवला, थेट एकविसावर आणून सोडणारा, ऊसतोड लांबल्याचा 'तोड पुढं गेली'. त्या सापाचा चेहरा इतका शांत होता की हिंदुरावांना असा चेहरा आपण कारखान्यात कुठल्यातरी टेबलापलीकडे पाहिल्याची खात्री पटली. त्यांच्या पोटात रीतसर गोळा आला. वहीत त्यांनी दुसऱ्या निकषापुढे घाईघाईने बरोबरची खूण केली.

'पास' म्हणून तिथेच उठावं असं त्यांना वाटलं. पण परीक्षा ती परीक्षा. स्वरूपा दारापाशी उभी होती, आणि हातातला टॉवेल तिने तीनदा उलगडून तीनदा घडी घातला होता.

"टाका पाव्हणं," मानसिंगराव फासा पुढे करत म्हणाले.

"छे छे. मान तुमचा."

"पाव्हण्याच्या आधी घरच्यानं खेळायचं? आमच्यात रीत न्हाई तशी."

"चेअरमनच्या आधी मी खेळू? आमच्यातबी न्हाई."

फासा सतरंजीवर चार वेळा इकडून तिकडे गेला. शेवटी स्वरूपाची सासू साखरबाई आतून म्हणाली, "कुणीतरी टाका, चहा निवायला लागलाय." तेव्हा सव्वा वाजला होता.

सुरुवातीलाच हिंदुरावांना चांगली दानं पडली आणि ते धास्तावले. पण एकतिसावर असताना चार पडले. चार म्हणजे पस्तीस. त्यांनी बसल्या घरालाच 'एक' म्हणून बोट ठेवलं आणि 'चार' बरोबर हुमणीच्या तोंडात नेऊन ठेवला.

"अरारा," ते समाधानाने म्हणाले. "हुमणीनं खाल्लं."

मानसिंगराव बारावर होते. त्यांना तीन पडले. पंधराला ठिबकची सरळसोट शिडी होती. त्यांनी सोंगटी तिथे ठेवली आणि हात मागे घेतला.

"चढा की," हिंदुराव म्हणाले.

"ही शिडी हाय व्हय? मला वाटलं नुसता ऊस काढलाय." मग त्यांनी खेळाडूवृत्तीने हात हलवला. "आता हात सोडला, तर ऱ्हाऊ द्या."

हिंदुरावांनी नाइलाजाने वहीत लिहिलं: शिड्या चटकन ओळखू येत नाहीत. स्वरूपाने वाकून ते वाचलं आणि टॉवेल चौथ्यांदा उलगडला.

पुढच्या खेपेला मानसिंगरावांना सहा पडल्यासारखे दिसले, पण पटकन मूठ झाकून त्यांनी "दोन" असं जाहीर केलं. हिंदुरावांनी वहीत लिहिलं: फाशाचे ठिपके बारीक. मग ते स्वतः मुद्दाम बासष्टच्या डीपीत पडले आणि लिहिलं: साप जरा जास्त आहेत. आपण लबाडी केली की पटाचा एक गुण कमी होतोय, हे त्यांच्या लक्षात येत होतं. पण एकीकडे व्याही आणि एकीकडे निकष अशा पेचात माणूस आधी व्याह्याचा विचार करतो.

दोन वाजता डेअरीचा फोन आला म्हणून मानसिंगराव अंगणात गेले. त्यांची सोंगटी सव्विसावर होती. हिंदुरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि ती एकाहत्तरावर नेऊन ठेवली. मानसिंगराव परत आले. त्यांनी सोंगटीकडे पाहिलं, मग हिंदुरावांकडे पाहिलं. घरी आलेल्या व्याह्याला कसं विचारणार? ते खाली बसले आणि पुढच्याच दानाला सापाच्या तोंडात शिरले.

जेवण झालं. हिंदुराव हात धुवायला मोरीत गेले तेव्हा त्रेचाळिसावर होते. टॉवेलला हात पुसत परत आले तर अठ्ठ्याऐंशीवर होते. बारा घरं आणखी, आणि आपण चेअरमनला त्याच्याच सोप्यात हरवणार. पुढची तीन दानं त्यांनी श्वास रोखून, एकेक घर कमी मोजत काढली आणि 'तोड पुढं गेली' असं म्हणत एकविसावर आले, तेव्हा त्यांना घाम फुटला होता.

साडेचार वाजले. कुणीही गव्हाणीपर्यंत पोचलं नव्हतं. दोघांच्या सोंगट्या तिशीच्या आत, कडेकडेने वैरण खात हिंडणाऱ्या म्हशींसारख्या फिरत होत्या.

प्रेसच्या दीपकचा फोन आला. स्वरूपाने स्पीकर लावला.

"वहिनी, काय करू? पाचला बंद करतोय मी."

"दहा मिनिटं थांबा," ती म्हणाली, आणि सासऱ्यांकडे वळली. "मामा?"

मानसिंगरावांनी पाठ सरळ केली. चेअरमनचा आवाज काढला. "पोरी, चित्रं झ्याक हायत. पर डाव संपंना. सव्वातीन तास झालं. असलं वाण वाटलं तर बाया पुढल्या संक्रांतीपत्तुर उठायच्या न्हाईत आन तीनशे घरातली दुधं नासत्याल. पाव्हण्यांनी लिहिलंयबी तसंच. राहू दे यंदा. वाट्याच देऊ."

खाली बसून स्वरूपाने पटावरचा शेवेचा चुरा फुंकला, सोंगट्या उचलल्या आणि लाल लालमध्ये, हिरव्या हिरव्यात अशा डबीत ठेवायला घेतल्या. लहानपणी हरल्यावरही ती रडायची नाही. असंच आवरायला घ्यायची. आणि ती आवरायला लागली की हिंदुरावांना तिथे बसवत नसे.

त्यांनी वही मिटली.

"मी चोरी केलीया," ते म्हणाले.

"कसली?" स्पीकरवरून दीपकने विचारलं.

"पटात खोट न्हाई. मी बसल्या घरापासनं मोजत व्हतो. हुमणीत मी आपल्या पायानं गेलो. डीपीतबी. तुमची सोंगटी एकाहत्तरावर म्याच नेली."

मानसिंगरावांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "म्हंजे तुमी मला जिकवत व्हता? दया म्हणून?"

"मान म्हणून."

"माझ्या सोप्यात बसून मला... एवढा का मी..."

"अवं, बसा खाली," साखरबाई कपबशा गोळा करत म्हणाली. "तुमी काय करत व्हता? सहाचं दोन कुणी केलं? ठिबकची शिडी दिसंना व्हय, सोता ठिबक बसवणाऱ्याला? पाव्हणं हात धुवायला गेल्यावर त्यांची सोंगटी कुणी ढकलली? म्या चुलीपासनं बघत व्हते."

"तूच सांगितलंस की रातच्याला. पाव्हणा लेकीच्या घरी आलाय, जिकू द्या म्हणून."

"जिकू द्या म्हणलं. पटाला बदनाम करा म्हणलं न्हाई."

"वीस मिनिटं हायत," म्हणत साखरबाई पदर खोचून सतरंजीवर बसली. "मी मोजणार. दोघांनी हात मागं बांधायचे. नुसता फासा टाकायचा."

आणि साखरबाईच्या मोजणीत, हात पाठीमागे घेऊन, दोन्ही व्याही पहिल्यांदा सापशिडी खेळले. हिंदुराव ठिबकच्या शिडीवर चढले तेव्हा त्यांना हसू आवरेना. मानसिंगराव डीपीत पडले आणि जे बोलले ते संस्थेच्या सभेत चाललं नसतं. नव्वदच्या पुढे दोघेही उकिडवे बसले. अठराव्या मिनिटाला मानसिंगरावांची सोंगटी गव्हाणीत पडली. हिंदुराव नव्व्याण्णववर होते, एका दानासाठी तळमळत.

ते मनापासून हरले होते. त्यांना अतिशय वाईट वाटत होतं.

"खरं सांगा पाव्हणं," मानसिंगरावांनी डोळे बारीक केले. "मुद्दाम हरला ना?"

"आईशप्पथ न्हाई."

"हात मागं असताना कसं जमवलं तेवढं सांगा."

"अवो, खरंच हरलो."

"ऱ्हाऊ द्या. माणूस मोठा हाय तुमी." मानसिंगरावांनी उठून त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यावर काही इलाज नव्हता.

स्वरूपाने फोन उचलला. तिच्या आवाजात हसू होतं. "दीपकभाऊ, छापा. आणि मागच्या बाजूला सहा नियम आहेत ना, तिथं सातवा घाला. लिहून घ्या. डावात दोन व्याही असतील तर सोंगट्या तिसऱ्या माणसाने हलवाव्यात."

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. मग थांबला.

"वहिनी," दीपक दबक्या आवाजात म्हणाला, "ह्यो ठळक टायपात घेऊ का? आमच्या सासऱ्यालाबी एक पट द्यायचाय."