कोणाचा गुडघा?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर गुडघे आहेत. म्हणजे गुडघ्यांच्या खुणा. तांबड्या रंगाच्या आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे नाव: सरपंच, पोस्टमन, खिचडी शिजवणाऱ्या ताराबाई, टेम्पोवाला सदाशिव आणि शाळेतलं झाडून सगळं पोर. मी बदली होऊन इथे हजर झाले त्या दिवशी सही करायच्या आधी चौथीतली एक मुलगी फूटपट्टी घेऊन माझ्या पायाशी येऊन बसली. मुख्याध्यापक भोईर गुरुजी शिष्टाचार म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे होते. "साडी जरा चापून धरा बाई," ते भिंतीलाच म्हणाले, "म्हणजे माप चुकणार नाही." तेव्हापासून ताराबाईंच्या जरा वर माझाही गुडघा आहे.

आमचं गाव भिवंडीजवळ, काल्हेरच्या पुढे, गोदामांच्या पाठीमागे. शाळेत शिक्षक दोनच, गुरुजी आणि मी. पूर्वी शाळेभोवती भातखाचरं होती. आता पुरुषभर भराव घालून त्यावर गोदामं बसलीत आणि पावसाचं पाणी, बिचारं, विचारत विचारत आमच्याकडे येतं. "गोदामं उंच झाली बाई, म्हणून आपण बुटके झालो," असं गुरुजी म्हणतात आणि विषय बदलतात.

त्यांचा लाडका प्रश्न एकच. कुणी 'गुडघाभर पाणी' म्हटलं की गुरुजींची मान ताठ होते. "कोणाचा गुडघा?"

एकदा खडू आणि तक्ते आणायला आम्ही भिवंडीच्या निजामपुऱ्यात गेलो होतो. पाऊस लागलेला. रिक्षावाला थांबून म्हणाला, "आगे घुटने तक पानी है, मास्टरजी."

"किसका घुटना?"

रिक्षावाल्याने बराच विचार केला. "मेरा."

"तो उतर के दिखाव."

तो खरंच उतरला. गुरुजींनी खिशातून टेप काढला. मागे वाजणारे हॉर्न मला अजून ऐकू येतात.

केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा भिंत बघून म्हणाले, "गुरुजी, सेंटिमीटर लिहा ना. शास्त्रीय दिसतं." गुरुजी म्हणाले, "साहेब, पूर आला की पोरं पट्टी घेऊन येत नाहीत. गुडघे घेऊन येतात." आणि साहेबांचा गुडघा मोजायला त्यांनी मापं घेणाऱ्या अश्विनीला हाक मारली. साहेब सहा फुटी. त्यांची रेघ खिडकीजवळ वेगळी काढावी लागली.

दर जूनमध्ये पहिलीतलं सगळ्यात ठेंगणं पोर शोधून त्याला 'शाळेचा गुडघा' नेमतात. हा मान वर्षभराचा. खिचडीच्या रांगेत पहिला नंबर. त्या एकाच पोराची गुडघ्याबरोबर कंबरही भिंतीवर आखतात, कारण पाण्याचे सगळे निर्णय त्याच्या मापाने. एक आई भांडायला आली होती, 'माझ्या पोराला बुटका म्हनता का?' म्हणून. मान कळल्यावर तिने, पुढल्या वर्षी धाकटा येतोय, त्याचं नाव आत्ताच लावून ठेवा, असा आग्रह धरला. यंदाचा गुडघा सायली. इतकी लहान, की दप्तर तिला घेऊन शाळेत येतं असं वाटावं.

गुरुजींची शिकवण्याची रीतही तशीच तिरपागडी. पावसाचं पाणी मोजायला कापलेली प्लॅस्टिकची बाटली, रोज नोंद करायची पाळी ठरलेली. एकदा त्यांचा तास मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते.

"आज डब्यात काय रं?"

"बोंबील, गुर्जी."

"ही झाली हवा. आज बोंबील, उद्या भेंडी. आन् तुझ्या घरात वर्सानुवर्सं काय शिजतं, ते हवामान. मग हवामान बदललं म्हंजे काय?"

मग अश्विनी म्हणाली, "गुर्जी, आई रोजच मॅगी द्यायला लागली."

"शाब्बास! आन् ते सवय लागायच्या आत आईला कोन सांगनार?"

"आमी!" वर्ग ओरडला. मी खडू खाली ठेवून हसत राहिले. माणूस विक्षिप्त खरा, पण पोरं त्यांच्यावर जीव टाकतात, एवढं माझ्या ध्यानात आलं.

नवल एकाच गोष्टीचं वाटायचं. गुरुजींची दोनदा बदली झाली आणि दोन्ही वेळा अर्ज करकरून ते याच शाळेत परत आले. अशी आडबाजूची, पावसात बुडणारी शाळा कुणी मागून घेतं का?

यंदाच्या जुलैतली गोष्ट. गुरुजी प्रशिक्षणाला भिवंडीत गेलेले, शाळेत मी एकटी. सकाळपासून पाऊस कोसळत होता. बाटली दुपारच्या आत काठोकाठ भरली. शाळा आणि वस्तीच्या मधे ओहळ आहे, त्याचा आवाज वर्गात येऊ लागला. तेवढ्यात टेम्पोवाल्या सदाशिवचा फोन आला.

"बाई, सोडा पोरांना. वहळावं गुडघाभरच पानी हाय. मी हितंच उभा हाय, हात देतो."

माझा जीव भांड्यात पडला. "गुडघाभरच ना? मग सोडते," असं मी म्हणाले आणि दप्तरं भरायला सांगितलं.

एकही दप्तर हललं नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघून एका सुरात म्हणाला, "कोणाचा गुडघा?"

फोनवर सदाशिव वैतागला. "माझाच की! दुसऱ्या कोनाचा?"

अश्विनी व्हरांड्यात पळाली. "बाई, सदाशिवकाकांचा गुडघा म्हंजे सायलीची कंबर!"

मी बाहेर जाऊन भिंत बघितली. दोन रेघा जवळजवळ एकाच उंचीवर. वाहत्या पाण्यात सायलीची कंबर, आणि मी तिला सोडायला निघाले होते. सदाशिवला सांगितलं, पोरं इथेच थांबतील. ताराबाईंनी पुन्हा खिचडी चढवली.

दोन तासांनी गोदामांच्या भरावावरून चिखल तुडवत गुरुजी आले. आल्या आल्या पोरं मोजली, तीनदा. अश्विनीने सगळं सांगितलं. ते तिला फक्त म्हणाले, "जा, बाटलीतलं पानी लिव्ह." मग पायरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"नोकरीचं पयलं वर्स होतं, बाई. असाच पाऊस. मी वहळाच्या पल्याड जाऊन उभा राहिलो आन् पोरांना हाक मारली, 'या, या, गुडघाभरच हाय!' माझा गुडघा. मोठी पोरं आली. वनिता पहिलीतली. ती पन आली. मास्तर बोलतो ना, म्हनून आली."

गोदामातल्या एका हमालाने तिला खालच्या अंगाला वेणी धरून ओढून काढलं. वाचली. पण आईबापांनी तिला पुन्हा शाळेत पाठवलं नाही. गुरुजी दोन वर्षं त्यांच्या दारी जात होते. "च्या मिळायचा, पोर न्हाय मिळाली," ते म्हणाले. "मग इतक्या वर्सांनी ह्या जूनात ती आली. हाताला लेक. म्हनली, गुर्जी, हिचं नाव घाला."

"सायली?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चुकीत आणि माझ्या चुकीत भिंतीवरच्या दोन रेघांचंच अंतर होतं.

चारच्या सुमाराला पाऊस थांबला. तासाभराने ओहळाच्या बाजूने एक बाई साडी खोचून, चप्पल हातात घेऊन चालत आली. फाटकाशी थांबली.

"गुर्जी, पानी उतारलाय. घोट्यापरेंत हाय. सोडा पोरांना."

गुरुजी उठून उभे राहिले. प्रश्न त्यांच्या ओठावर आलेला मला दिसला. पण वनितेला तो विचारायची त्यांची छाती झाली नाही.

तीच हसली. "सायलीच्या घोट्यापरेंत, गुर्जी. मोजून आलेय."

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि उलटाच डोळ्यांवर चढवला. "सोडा बाई," ते म्हणाले, "पोरांना सोडा."