कुलगुरूंच्या दिवाणखान्यातल्या चिंचा

दुपारी अडीच वाजता छबूबाई वाकचौरे यांनी बसल्या जागी चाळीस झाडांची नोंद पूर्ण केली आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. विद्यापीठाच्या मालमत्ता विभागात सत्तावीस वर्षं झाली, पण त्यांचा एकही कागद मुदतीनंतर गेला नव्हता. हे प्रशिक्षणाचं कामही वेळेआधी उरकलं म्हणून त्यांनी मनोमन देवाला हात जोडले.

प्रशिक्षण जीआयएसचं होतं. ते म्हणजे काय, हे पुण्याहून आलेल्या दिशा मॅडमनी सकाळी दोन तास पडद्यावर दाखवलं होतं. विद्यापीठाची प्रत्येक इमारत, प्रत्येक रस्ता, प्रत्येक झाड आता मोबाईलमधल्या नकाशावर येणार होतं. सरावासाठी सतरा कर्मचाऱ्यांना चाळीस-चाळीस झाडं वाटून दिली. छबूबाईंच्या वाट्याला पूर्वेच्या रस्त्याकडेची ओळ आली.

"झाडाचं नाव भरा, घेर भरा आणि 'जमा करा' दाबा," मॅडम म्हणाल्या. "जागा लिहायची गरज नाही. ती मोबाईल आपोआप घेतो."

मोबाईल ती कुठून घेतो, हेही मॅडमनी सांगितलं असणार. पण जागा लिहायची गरज नाही, एवढं ऐकून छबूबाईंचं समाधान झालं होतं.

बाहेर वैशाखातलं ऊन, त्यात एकादशी. पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे वृक्ष नोंदवही होती, २०११ सालची, त्यांच्याच अक्षरातली. झाड बघायला झाडापाशी जायचं कशाला? कुलगुरूंच्या बंगल्याच्या फाटकापाशी पहारेकरी कानिफनाथ बसायचा. त्यानं बोलावलं, "ताई, हितं बसा चौकीत. पंखा हाय, माठातलं पानी हाय." छबूबाई बसल्या. वहीतून एकेक झाड त्यांनी मोबाईलमध्ये उतरवलं. चौदा वर्षांत झाड वाढणारच, म्हणून प्रत्येकाच्या घेराला एक वीत जास्त धरली. प्रामाणिकपणात त्यांनी कुठं कसूर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिशा मॅडमनी पडदा लावला आणि यादीतलं पहिलं नाव उघडलं. ते छबूबाईंचं निघालं. नकाशावर कुलगुरूंचा बंगला दिसला आणि बंगल्याच्या बरोबर मध्यावर एक हिरवा ठिपका. ठिपक्यावर आकडा होता, चाळीस.

मॅडमनी ठिपका दाबून झाडांची यादी उघडली. मग म्हणाल्या, "वाकचौरे मॅडम, कुलगुरूंच्या दिवाणखान्यात बारा चिंचा आहेत?"

"छे हो. चिंचा पूर्वेच्या रस्त्याला आहेत."

"नऊ कडुनिंब, अठरा करंज आणि एक वड?"

"तेही तिथंच. वडाला तर मी दर वर्षी पूजेला जाते."

"मग काल तुम्ही नोंद कुठं बसून केलीत?"

"कानिफनाथच्या चौकीत," छबूबाई हळूच म्हणाल्या. शेजारी बसलेल्या ग्रंथालयातल्या हुमेरानं ओढणी तोंडाला लावली आणि खाली बघून हसू दाबलं.

"अहो, तुम्ही जिथं असता तिथंच झाड लागतं, फार तर दहा-वीस पावलं इकडेतिकडे," मॅडम म्हणाल्या. "असू द्या. सरावच आहे. आज परत करा."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मागच्या रांगेतून पंधरा दिवसांपूर्वीच रुजू झालेले अभियंता आदिनाथ गर्जे उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे पूर्वेच्या रस्त्याला झाडं आहेत?"

"आहेत म्हणजे? चाळीस आहेत."

"नकाशात तर तिथं एक पण नाही. मी काल संध्याकाळी तेवढीच बाजू मोठी करून बघितली. म्हटलं, पट्टी मोकळीच पडलीय, पार्किंगला बरी. सकाळी जेसीबी धाडला मी सपाटीकरणाला."

छबूबाई खुर्चीतून उठल्या. झाड तोडल्याचं पाप कुऱ्हाड चालवणाऱ्याला लागतं असं त्या आजवर समजत होत्या. बसल्या जागी नोंद करणाऱ्या कारकुनालाही ते लागतं, हे त्यांना आत्ता कळलं. आणि ते झाड वडाचं असलं तर मग विचारूच नका.

"फोन करा ना त्या जेसीबीवाल्याला," त्या कशाबशा म्हणाल्या.

गर्जे साहेबांनी तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा नुसता वाजत राहिला. "गोरक्ष मशीन चालवत असला की त्याला काही ऐकू जात नाही," ते म्हणाले. म्हणजे मशीन चालू होतं.

हुमेरानं स्कूटीची किल्ली काढली. "चला, छबूताई. साहेबांची जीप निघायला वेळ लागेल."

विद्यापीठाचं आवार मोठं. पूर्वेचा रस्ता तिथून दोन किलोमीटर. छबूबाई मागं बसून तोंडानं देवाचं नाव घेत होत्या आणि प्रत्येक नावागणिक एकेक चिंच आडवी झालेली त्यांना दिसत होती.

"ताई, घट्ट धरा. पुढं सात गतिरोधक आहेत."

"ते टाकलेस का तू नकाशात?"

"कशाला? ते मला पाठ आहेत."

"तुझी झाडं तरी नीट लागलीत ना गं?"

"मी उन्हात फिरले ना काल. अम्मीनं रात्री पायाला तेल लावून दिलं," हुमेरा म्हणाली. छबूबाईंना आणखीच खजील वाटलं.

पूर्वेच्या वळणाशी स्कूटी मंदावली. मशीनचा आवाज कुठंच नव्हता. कामच आटोपलं, असं छबूबाईंच्या मनात आलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ताई, डोळे उघडा," हुमेरा म्हणाली. "बघा तरी."

चिंचा उभ्या होत्या. कडुनिंब उभे होते, करंज उभे होते, वडही होता तसाच. पिवळा जेसीबी रस्त्यापलीकडे उन्हात तापत होता आणि वडाखाली पोतं अंथरून गोरक्ष भाकरी-ठेचा खात बसला होता.

"गोरक्ष, काय केलंस रे तू?"

"काय बी न्हाई केलं, बाई," तो घास गिळून म्हणाला. "सायेब म्हनले, मोकळी पट्टी हाय, सपाट कर. आलो तर ही एवढाली झाडं. म्हनलं, आपली जागाच चुकली. मंग कोनी तरी सांगायला येईस्तवर बसलो सावलीला."

"साहेबांनी नकाशा बघून पाठवलं होतं तुला."

"नकाशात नसतील. पर मला दिसत्यात ना."

"फोन का नाही उचललास मग?"

"फोन मशीनीत ऱ्हायला, उन्हात. वाजताना ऐकला मी. पर अशा गार सावलीतनं कोन उठतंय?"

छबूबाई वडाच्या मुळापाशी खाली बसल्या. खोडाला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला. छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यांना एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. हुमेरानं आपली पाण्याची बाटली पुढं केली.

एवढ्यात जीप आली. झाडं शाबूत बघून गर्जे साहेबांचा जीवही भांड्यात पडला. पण भांड्यात पडलेला जीव सावरला की माणसाला अधिकार आठवतो.

"वाकचौरे बाई, सत्तावीस वर्षं नोकरी झाली तुमची. जागेवर न जाता नोंद करायची म्हणजे काय? उद्या कुणी तुमच्या भरवशावर काम केलं तर? आजच बघा, केवढं महागात पडलं असतं."

"चुकलंच माझं, साहेब," छबूबाई म्हणाल्या. त्यांना ते मनापासून मान्य होतं.

दिशा मॅडम जीपमध्येच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "साहेब, एक मिनिट," त्या शांतपणे म्हणाल्या. "वाटेत मी बाकीच्यांची नावं उघडली. हे जरा बघता का?"

सगळे वाकून बघू लागले. वसतिगृहाच्या रस्त्याला हुमेराची चाळीस झाडं एका ओळीत, शहाण्यासारखी उभी होती. कुलगुरूंचा बंगला सोडला तर बाकी सगळा नकाशा उजाड. फक्त कँटीनवर एक भलामोठा हिरवा ठिपका होता. त्यावर आकडा होता, सहाशे.

"पंधरा जणांची आहेत ही," मॅडम म्हणाल्या. "कँटीनमध्ये काल जंगल उगवलं. यातली चाळीस तुमच्या नावावर आहेत, साहेब."

गर्जे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच राहिला.

"त्याचं काय झालं," ते म्हणाले, "काल चहा जरा उशिरा आला."

हुमेरानं पुन्हा ओढणी तोंडाला लावली. या वेळी छबूबाईंनीही पदर लावला.

गोरक्षनं हात धुतले, पोतं झटकलं आणि तो मशीनकडे निघाला. "मंग सायेब, कुठली पट्टी मोकळी हाय म्हनता? एकदाची दावा, मी सुरू करतो."

गर्जे साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं. नकाशावर मोकळ्या पट्ट्या चिक्कार होत्या. जवळजवळ सगळं विद्यापीठच मोकळं होतं. त्यांनी हात लांब करून लॅपटॉपचं झाकण खाली लावलं.

"आधी चालत जाऊन बघू," ते म्हणाले.

"चला," छबूबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं उन्हात निघाल्या.