सम्राटाचं पथ्य

"कोणाच्या घरची भाकर आहे ही? बोला! आज सोडत नाही मी कोणाले!"

सकाळी सात वाजता वानखडे साहेब आमच्या अंगणात उभे राहून गरजत होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत अर्धी तांदळाची भाकरी. पोलीस खुनाचा सुरा जपतात तशी जपलेली. आवाज असा, की आमच्या भुकूम गावातून निघाला तो थेट मुळशी धरणाच्या भिंतीला धडकला. परत येताना पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अडकला म्हणून आम्ही वाचलो.

साहेब आमचे भाडेकरू. मूळचे अकोल्याकडचे, हिंजवडीला कंपनीत. माणूस एकटा आणि दोरीवर वाळत घातला तरी चालेल इतका बारीक. तीन वर्षं झाली, वरच्या खोलीतून फोडणीचा वास म्हणून कधी आला नाही. कुकरच्या शिट्ट्या मात्र रोज सहा. सगळ्या कुत्र्यासाठी!

कुत्रा म्हणजे आमच्याच आळीतला खंड्या. उकिरड्यावर चपला खाऊन ठणठणीत वाढलेला. साहेबांनी त्याला वर नेलं, न्हाऊ घातलं, 'सम्राट' नाव ठेवलं. तेव्हापासून त्याचं जेवण हा गावातला पहिला प्रश्न. पाण्याचा टँकर दुसरा.

एकदा मी त्यांच्याबरोबर कुत्र्यांच्या खाण्याच्या दुकानात गेलो आणि पस्तावलो. साहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि पाकिटाची पाठ अशी वाचली, की पोरीसाठी स्थळ बघणारा बाप पत्रिकासुद्धा तशी वाचत नाही. मग एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकून डोळे मिटून चावला.

"राख आहे याच्यात भाऊ, राख! वरून पाकिटावर छापून देऊन राहिले!"

"मग भांडी घासायला न्या की सायेब," दुकानदार म्हणाला.

त्या दिवशी पाकीट बंद झालं. उकडलेला लाल भोपळा, नाचणी, कोंबडी, सगळं बिनमिठाचं आणि सोनाराला लाज वाटेल असं तोलून. जिन्यात भेटेल त्याला साहेब बजावायचे, "मीठ म्हणजे जहर आहे बाप्पा, जहर!"

गणपतीच्या आसपास जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याचं हृदय थकलंय. वजन उतरवा, नाहीतर वर्ष काढणं कठीण. साहेबांनी जेवण निम्मं केलं. खंड्या फुगला. निम्म्याचं निम्मं केलं. खंड्या दुप्पट झाला! पोट जमिनीला असं घासायचं, की आईनं अंगण झाडायचं सोडून दिलं.

भेद साधा होता. आमच्या आळीत बारा घरं, आणि प्रत्येक घरात शेवटची भाकरी कुत्र्याची. थापतानाच ती बाजूला पडते, पणजीच्या काळापासून. साहेब कंपनीत गेले की सम्राट पुन्हा खंड्या व्हायचा आणि बारा दारं घ्यायचा. हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. पण सांगणार कोण? मला तर रोज दोन वाजता त्याची स्वारी बघितल्याशिवाय दुपारची झोप लागत नव्हती.

तर त्या सकाळी त्याच्या अंथरुणाखाली ती अर्धी भाकरी साहेबांना सापडली होती. त्यांचा आवाज ऐकून आई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"माज्या घरची हाय. काय म्हननं हाय? दारात आलेल्याला न्हाई कसं म्हनायचं?"

आता धरणच फुटणार म्हणून मी दोन पावलं मागं सरलो. पण साहेब पायरीवर मटकन बसले. सम्राट लगेच पिशवी हुंगायला आला.

"मावशी, हा जाईल हो," ते म्हणाले. एवढंच. आवाज शेजारच्या घरातही गेला नसेल.

आईनं आधी कुत्र्याकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"बरं. आजपासनं खंड्याला बारा बी दारं बंद. आळीला मी सांगते, कोन घालतंय बघतेच. पर लेका, कुत्रं फुगलंय आन तू वाळून काडी झालायस. रातच्याला काय जेवलास तू?"

"यानं खाल्लं तेच," साहेब म्हणाले. "मी मीठ घालून घेतो."